हार्बरमॅनचा चेहरा

मॉर्ट झेल्डिनला बोलायचं असलं की यंत्राची वाट बघावी लागे. गळ्यापासून पावलांपर्यंत तो एका लांबट लोखंडी पिंपात बंद होता. बाहेर होतं ते फक्त डोकं. पिंपाखालचा चामड्याचा भाता त्याच्या छातीत हवा ओढून घ्यायचा आणि मग सोडून द्यायचा. सुटणाऱ्या हवेवर जेवढे शब्द चढतील तेवढेच त्याचे. राहिलेले पुढच्या श्वासाला.

"मागे कोण… आलंय?"

"मी. सिग्ने हाल्वोर्सेन."

"काय गेलं… तुझं?"

"पाय."

"आणि हात?"

"हात आहेत."

भात्याने त्याच्यासाठी एक श्वास घेतला आणि सोडला. तो श्वास मॉर्टने नुसताच जाऊ दिला. पुढच्यावर म्हणाला, "मग आपलं… जमेल."

त्या उन्हाळ्यात ब्रुकलिनमध्ये पोलिओने असा काही धुमाकूळ घातला होता की नदीकाठच्या त्या इस्पितळात लहानथोर, पिंपातले आणि पिंपाबाहेरचे, सगळे एकाच लांबच लांब खोलीत ठेवले होते. सिग्नेची खाट मॉर्टच्या डोक्यामागे होती. त्याला मान वळवता येत नसे. डोक्यावर तिरका आरसा बसवलेला होता, त्यात त्याला मागचं जग दिसे: सिग्नेची खाट, तिच्या उजवीकडची खिडकी, डावीकडचं दार. सिग्ने बारा वर्षांची होती. पांढुरक्या वेण्या, जरा मोठे कान, आणि चेहऱ्यावर अजून विश्वास न बसल्याचा भाव. नुकत्याच आलेल्या सगळ्यांच्याच चेहऱ्यावर तो असे.

या वॉर्डचा एक कायदा होता. आत आलेली वस्तू बाहेर जायची नाही. सिग्नेला आणलं त्याच दिवशी तिचा फ्रॉक, वेणीच्या फिती आणि आजीने विणलेला स्वेटर एका गोणीत भरून मागच्या भट्टीत गेला होता. पत्रं आत येत. बाहेर निरोप द्यायचा तर तो नर्सने टेलिफोनवर सांगायचा. मुलांनी रंगवलेले कागदसुद्धा रोज संध्याकाळी कचऱ्याबरोबर गोळा होत. खिडकीतून भट्टीचं धुराडं दिसायचं. त्याच्याकडे कुणी फारसं बघत नसे.

मॉर्ट हा चित्रांच्या कॉमिक मासिकांतला चित्रकार. 'हार्बरमॅन' नावाचा त्याचा एक वीर होता. बंदराच्या काळ्या पाण्यातून वर येणारा, खलाशांसारखा मेणकापडाचा झगा एका खांद्यावर टाकलेला, झग्याला जहाजाच्या नांगराच्या आकाराची कडी. देशभरची पोरं त्याच्यासाठी दुकानापुढे रांग लावत. सिग्नेने मात्र तो कधी पाहिला नव्हता. तिचे वडील आर्ने हाल्वोर्सेन गोदीत सुतार होते आणि रविवारी नॉर्वेजियन चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत. असली मासिकं म्हणजे सैतानाची चोपडी, असं त्यांचं मत होतं आणि घरात त्यांचंच मत चालायचं.

"एकदाही नाही… पाहिलास?" मॉर्टने विचारलं.

"नाही. बाबा रागावतात."

"वा. म्हणजे कोरी पाटी. वाईट सवयी… तरी नसतील."

मग त्याने तिला खरी गोष्ट सांगितली. सांगायला अख्खी दुपार लागली, कारण शब्द थोडे थोडे येत. त्याची एक मुलगी होती, एस्टेल, सात वर्षांची. तिला वाचता येत नव्हतं तेव्हापासून ती बापाची रेघ ओळखायची. स्टुडिओत एका पानावर चारचौघांचे हात लागत. एक जण आकृती काढी, दुसरा शाई भरी, तिसरा मागच्या इमारती. एस्टेल पानावर बोट ठेवून सांगे, हे पपाचं, हे नाही, हे पपाचं. कधी चुकत नसे. तो आजारी पडल्यावर आई तिला म्हणाली, पपा कामासाठी शिकागोला गेलेत. पण हार्बरमॅन आता दुसराच कुणी काढत होता. परवा बेसचं, म्हणजे बायकोचं, पत्र आलं होतं. सिस्टर कॅव्हनॉने ते त्याला वाचून दाखवलं. एस्टेलने नवा अंक मिटून ठेवला होता आणि म्हणाली होती, पपांनी आपल्याला सोडून दिलंय, तुला माहीत आहे आणि तू सांगत नाहीस.

"मला तिला एक… हार्बरमॅन पाठवायचाय," मॉर्ट म्हणाला. "माझा. म्हणजे तिला… कळेल."

"पण कागद जाळतात."

"कागद जाळतात. तुझे हात… कोण जाळणार? तू जाशील ना… घरी. मी नाही."

हे त्याने अगदी सहज सांगितलं, उद्या मंगळवार आहे म्हणावं तसं. सिग्नेने सिस्टरकडे पेन्सिल मागितली.

पहिल्या दिवशी तिने काढायला घेतला तो चेहरा. गोल डोकं, डोळे, पापण्यांचे केस एकेक करून. मग कागद उंच धरला, आरशापुढे.

"छान," मॉर्ट म्हणाला. "आता फाड."

"का?"

"सगळे चेहऱ्यापासूनच… सुरू करतात. चेहरा जरा बरा निघाला… की तिथेच खूश. मग धड काढतात ते… हँगरला कोट टांगल्यासारखं. चेहरा सगळ्यांत शेवटी."

"मग आधी काय?"

"एक रेघ. टाचेपासून… मुठीपर्यंत. जोर कुठून निघतो… आणि कुठे पोचतो. बाकी सगळं… त्या रेघेचे नोकर."

ती रेघच काढत बसली, कितीतरी दिवस. नुसत्या वाकड्या रेघा. एखादी आरशात बघून तो म्हणे, "ही झोपलीय." एखादीला, "हिला खोकला झालाय." कधी तरी एखादीला काहीच म्हणत नसे, आणि सिग्ने ओळखी की ती बरी आहे. संध्याकाळी कचऱ्याची गाडी घेऊन माणूस येई आणि कागद उचलून नेई.

"आजच्या गेल्या?"

"गेल्या."

"बरं झालं. भिकार… होत्या."

सिस्टर कॅव्हनॉ जाता जाता म्हणे, "झेल्डिन, पोरीला जरा पडू द्या. तुमचा तो बंदरावरचा बाप्या काही पळून जात नाही."

"तो नाही सिस्टर. मी… जातोय."

"तुम्ही कुठले जाता. तुमचं बूड केवढं जड आहे हे हमालांना विचारा."

मॉर्ट हसे. पिंपात हसणं म्हणजे एक बारीक शीळ.

रेघेनंतर मूठ आली. आधी खोका काढायचा, मग त्यात बोटं भरायची, सामानाच्या पेटीत भरतात तशी दाबून. अंगठा बाहेरून, आडवा. अंगठा आत ठेवणारा माणूस भांडणात स्वतःचंच बोट मोडून घेतो, तो कसला वीर. मुठीनंतर खांदे. खांद्यांनंतर पाय आले आणि गाडी अडली.

सिग्ने हार्बरमॅनच्या गुडघ्याखाली पाणी काढी. पाणी नाही तर धुकं.

"ही आमच्या धंद्यातली… जुनी चोरी," मॉर्ट म्हणाला. "पाऊल जमत नाही… म्हणून धूर सोडायचा. निम्म्या स्टुडिओचं पोट… धुरावर चालतं."

सिग्ने पांघरुणाकडे बघत म्हणाली, "मला माझे पायच कळत नाहीत. उभं राहिल्यावर कसं वाटतं ते आठवत नाही."

भाता दोनतीनदा वरखाली झाला.

"म्हणून तूच नीट… बघशील. ज्याला चालता येतं… तो पायाकडे कधी बघतो? बघ त्यांच्याकडे."

मग ती बघायला लागली. सिस्टर औषध ओतताना सगळा भार डाव्या पायावर टाकते आणि उजवी टाच अधांतरी असते. फरशी पुसणाऱ्या माणसाचे गुडघे आधी वाकतात आणि मग कंबर. डॉक्टर वाईट बातमी सांगायच्या आधी दोन्ही पावलं जुळवून उभे राहतात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, बघून बघून कळलं, आणि कळल्यावर त्या ज्ञानाचं काय करावं हे समजेना, म्हणून तिने ते कागदावर घातलं. हार्बरमॅन जमिनीवर उभा राहिला. थोडा कलंडलेला, पण उभा.

"हं," मॉर्ट म्हणाला. त्या दिवशी तेवढंच.

चित्रात काही हलवायचं असलं की त्याला बोट दाखवता येत नसे. म्हणून दोघांनी एक भाषा ठरवली होती: खिडकीकडे आणि दाराकडे. "खांदा दाराकडे… उचल." "झग्याची कडी… खिडकीकडे." सिग्ने कागद आरशासमोर धरी, आणि खिडकीची कड, दाराची कड लक्षात ठेवून मग मांडीवर घेऊन दुरुस्त करी.

आरशात चित्र बघायची सवय मॉर्टला नवी नव्हती. त्याच्या धंद्यात सगळ्यांच्याच मेजावर आरसा असे. तासन् तास एकाच पानाकडे बघितलं की डोळा आपल्याच चुकांना सरावतो. पान आरशात धरलं की वाकडा डोळा, घसरलेला खांदा लगेच दिसतो. आरसा खोटं बोलत नाही, हे तो वीस वर्षं नवख्या पोरांना सांगत आला होता. पिंपात आल्यावर पहिले काही दिवस त्याने उलटं-सुलटं मनात फिरवून घेतलं असेल. मग दार, खिडकी, सिस्टर, घड्याळ, सगळं जगच आरशातून येऊ लागलं आणि फिरवायचं तो विसरून गेला.

शरद सुरू झाला तेव्हा सिग्नेचा हात बसला होता. डोळे मिटूनही तिला झगा काढता आला असता. त्याच सुमारास वॉर्डात एक नवा मुलगा आला आणि त्याचं सामान गोणीत भरायला घेतलं. गोणीच्या तोंडाशी एक मासिक होतं. माणूस गोणी ओढत सिग्नेच्या खाटेजवळून गेला. वरच्या पानावर बंदर, काळं पाणी, आणि झगा घेतलेला माणूस.

"मिस्टर झेल्डिन, तुमचा हार्बरमॅन मी पाहिला," ती म्हणाली. "तो नवा माणूस चुकीचा काढतो. झगा भलत्याच खांद्यावर टाकलाय."

"भलत्या म्हणजे?"

"डाव्या. हार्बरमॅनच्या डाव्या."

भाता खाली गेला, वर आला. किती वेळा कोण जाणे. शेजारच्या पिंपातला म्हातारा झोपेत कण्हत होता.

"सिस्टर," मॉर्ट म्हणाला. "आरसा… बाजूला करा. तिचा कागद… इथे. माझ्या तोंडावर धरा."

सिस्टरने आरसा ढकलला आणि सिग्नेचा कागद सरळ त्याच्या डोळ्यांपुढे धरला. इतक्या महिन्यांत त्याने तिचं चित्र पहिल्यांदाच थेट पाहिलं.

झगा उजव्या खांद्यावर. मूठ डावी. जोराची रेघ भलतीकडून निघून भलतीकडे जाणारी. प्रत्येक बारकावा त्याचाच होता आणि आख्खा माणूस उलटा होता.

"हा माझा… नाही," तो म्हणाला.

"तुम्हीच सांगितलंत खिडकीकडे."

"मीच सांगितलं. तुझं काही… चुकलं नाही."

"मग काय करायचं?"

तो डोळे मिटून राहिला. मग जे म्हणाला ते सिग्नेला पुढे फार दिवस पुरलं. "थांब. मला आठवू दे… खरा कुठला ते. मला आता दोन्ही… खरे वाटतात."

बारा वर्षं दरमहा काढलेला माणूस, आणि त्याला त्याची बाजू आठवेना. सिस्टर कॅव्हनॉने कागद खाली घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उगाचच पडदा सारखा केला.

आठवलं ते एस्टेलमुळे. घरी तो मेजाशी बसे तेव्हा ती त्याच्या उजव्या हाताला उभी राही, आणि झग्याचा काळा भाग भरायला तिला द्यायचा तो तिच्या बाजूला यायचा. कागदाच्या उजवीकडे. म्हणजे वीराचा डावा खांदा. भट्टीकडे गेलेलं ते मासिक बरोबर होतं.

मग सगळं पहिल्यापासून. हाताला शिकवणं सोपं असतं. शिकलेलं काढून टाकणं म्हणजे लाकडात गेलेला खिळा उपटणं, भोक राहतंच. सिग्नेची मूठ डावीकडेच जायला बघे. ती रडली, एकदा पेन्सिल फेकलीही. पेन्सिल लोखंडी पिंपावर आपटून वाजली.

"काय नेम आहे," मॉर्ट म्हणाला. "असाच राग… त्या मुठीत घाल."

आता आरसा बाजूला ठेवत. डॉक्टरांनी तिला चाकाच्या खुर्चीत बसवायला परवानगी दिली होती. सिस्टर खुर्ची मॉर्टच्या गालाशी आणून लावी आणि कागद वर धरी. तिचे हात भरून आले की म्हणे, "माझ्या आईने मला नर्स व्हायला पाठवलं होतं, खुंटी व्हायला नाही." तरी धरून राही.

नोव्हेंबरात मॉर्टला बारीक ताप येऊ लागला. श्वासावर चढणारे शब्द कमी झाले. आणि सिग्नेला सांगण्यात आलं की तिच्या पायांचं लोखंडी पट्ट्यांसाठी माप घेतलंय, लवकरच घरी जायचं.

"आता… चेहरा," तो म्हणाला.

"तो कसा आहे?"

"आरशात बघून काढलेला. मॉडेल कोण… आणणार? मेजावर आरसा… असतोच. तोंड वेडंवाकडं करायचं… आणि काढायचं." तो दमला, थांबला. "बघ माझ्याकडे."

सिग्नेने बघितलं. इतके दिवस ती आवाजाशी बोलत होती, गालाशी बसूनही नजर कागदावरच. आता तिने जवळून पाहिलं: रुंद कपाळ, एका भुवईत जुन्या जखमेची फट, आणि खाली सगळं बसलेलं. गालांच्या जागी खळगे, ओठ दातांवर ताणलेले.

"गाल… भर थोडे," तो म्हणाला. "मी असा नव्हतो."

तिने गाल भरले. एक कागद, दुसरा, तिसरा. भरलेल्या गालांचा तो कुणी तरी दुसराच माणूस दिसे, वाण्याच्या दुकानातल्या बिस्किटाच्या डब्यावरचा. चौथा कागद तिने वर धरलाच नाही.

"मी तुम्हाला तसं कधी पाहिलं नाही," ती म्हणाली. "माझ्या हाताला येत नाही."

त्याने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. "मग दिसतं ते… काढ. खोटं काढलेलं… ती ओळखते."

तिने दिसलं ते काढलं. सिस्टरने तो कागद त्याच्यापुढे धरला. मॉर्टने बराच वेळ पाहिला. काही तरी म्हणायला ओठ हलले, पण हवा निघून गेली होती आणि पुढच्या श्वासापर्यंत तो ते म्हणायचं विसरला किंवा त्याने न म्हणायचं ठरवलं.

चार दिवसांनी, दुपारचं सूप वाटत असताना, त्याच्याभोवती पडदे ओढले गेले. आत बरीच पावलं गेली. सिग्ने पडद्याखालून पावलंच बघत होती. डॉक्टरांनी दोन्ही पाय जुळवले. मग भाता थांबला. त्या खोलीत भाते इतके होते की एक थांबल्याचं दुसऱ्या कुणाला कळलंही नसेल.

संध्याकाळी पिंप औषधाच्या पाण्याने धुतलं. रात्र पडायच्या आत त्यात दुसरं कुणी तरी होतं.

घरी आल्यावर सिग्नेने बापाजवळ पहिली गोष्ट काढली ती हीच. आर्ने हाल्वोर्सेनने सगळं ऐकून घेतलं. ते कमी बोलणारे गृहस्थ होते.

"त्या चोपड्यांतलं चित्र?"

"हो बाबा."

"मेलेल्या माणसाला कबूल केलंस?"

"हो."

"मग जायला हवं," ते म्हणाले, आणि रविवार सोडून पहिल्या मोकळ्या दिवशी गोदीतल्या दोस्ताचा ट्रक मागून आणला.

झेल्डिन मंडळी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. दगडी पायऱ्यांचं तिमजली घर, रस्त्यावर पोरी ठिक्कर खेळत होत्या. आर्नेने सिग्नेला उचलून खाली उतरवलं, कुबड्या दिल्या. पट्ट्यांचं लोखंड वाजलं तशा पोरी बघू लागल्या. मग एकीच्या आईने खिडकीतून हाक मारली, आणि क्षणात रस्ता मोकळा झाला. फरसबंदीवर खडूची घरं तेवढी राहिली.

बेस झेल्डिनने दार साखळीएवढंच उघडलं. बारीक चणीची, काळ्या पोशाखातली. सिग्नेने नाव सांगितलं, वॉर्ड सांगितला, आणि बगलेतला कागद पुढे केला.

"नको," बेस म्हणाली. "तिथला कागद नको."

"तिथला नाही, मावशी. नवा आहे. घरी काढलाय."

"हात तर तिथलेच ना?"

सिग्ने आपल्या हातांकडे बघत राहिली. आर्नेच्या गालाचा स्नायू हलला.

"मला असं बोलायची हौस नाही," बेस म्हणाली. "एकच उरलीय माझी. शेजारी अजून आमच्या दारातल्या दुधाच्या बाटलीपासूनसुद्धा लांबून जातात, रोग लागेल म्हणून. जा तुम्ही. कृपा करून जा."

"तिला एकदा दाखवायचं होतं. त्यांनी सांगितलं होतं."

"तिला अजून काही माहीत नाही." दार लागलं.

आर्ने ट्रककडे निघाले. सिग्ने निघाली नाही. वर पहिल्या मजल्याच्या काचेमागे एक लहान डोकं होतं, नाक काचेला चिकटलेलं. सिग्नेने पोरींच्या ठिक्करच्या घराशेजारी पडलेला खडूचा तुकडा पाहिला.

"बाबा, मला खाली बसवा."

"थंडी आहे."

"बसवा ना."

त्यांनी बसवलं. पाय पुढे पसरून, पट्ट्या फरशीवर आपटत, ती घराकडे पाठ करून बसली, म्हणजे वरून चित्र सुलटं दिसेल. एक रेघ, टाचेपासून मुठीपर्यंत, उजव्या मुठीपर्यंत. मग खोका, बोटं, बाहेरून अंगठा. मग सरकली, आर्ने तिला काखेत धरून सरकवत राहिले. पाय काढले, दोन्ही पावलं, भार डाव्यावर. झगा, डाव्या खांद्यावर. खडू आडवा धरून त्याच्या घड्या. हात एकदाही चुकीच्या बाजूला गेला नाही. शेवटी चेहरा, रुंद कपाळ, तुटकी भुवई, आणि दिसले होते तसे गाल.

दार उघडलं. बेस बादली घेऊन बाहेर आली. पाण्याला औषधाचा वास होता, सिग्नेला ओळखीचा. ती पायऱ्या उतरून ताडताड आली आणि चित्राच्या कडेशी थांबली.

वरची काच खडखडत उघडली.

"आई," एस्टेल वरून म्हणाली, "पपा इतके वाळले का?"

बेसने बादली खाली ठेवली. थोडं पाणी तिच्याच बुटांवर सांडलं.

"आई, त्या मुलीला पपा कुठे भेटले? त्यांना बरं नाहीये का?"

"आत हो. थंडी लागेल," बेस म्हणाली, पण वर न बघता. ती मूठ बघत होती. मग गाल. "मला काचेच्या दारातून ते यंत्रच दिसायचं," ती सिग्नेला म्हणाली. "शेवटी असा होता?"

"हो."

"भुवई दाखवली तुला?"

"मी पाहिली."

"बाटली लागली होती. आमच्या लग्नात." बेसने तोंडावर हात ठेवला, काढला. "शिकागोतून कुणी असं वाळून येत नाही, हे तिलाही कळतं. काय सांगू मी तिला आता? तूच सांग, काय सांगू?"

सिग्नेला ते शिकवलेलं नव्हतं. ती खडूने पांढरी झालेली बोटं फ्रॉकला पुसत राहिली.

बेस वळली आणि पायऱ्या चढली, कठड्याला धरून, एकेक. बादली तशीच राहिली. वरची काच बंद झाली. आर्नेने मुलीला उचललं, आणि ट्रककडे नेताना चित्राला वळसा घालून गेले, रस्त्याच्या कडेकडेने.

"हा तो माणूस?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी तिला बसवलं, कुबड्या मागे ठेवल्या, किल्ली हातात घेतली. तेवढ्यात वरून आवाज आला, लहान मुलीचा, आधी नुसता चढत जाणारा आणि मग शब्द नसलेला. आर्नेने किल्ली लावली नाही. बापलेक समोरच्या काचेतून बघत बसून राहिले. आवाज बराच वेळ थांबला नाही.